सिकंदराचा दरवाजा आणि अप्पांचा अडसर

दसरा झाला होता, भात अजून कापणीला आलं नव्हतं आणि मालगुंडच्या आमच्या होमस्टेत दिवाळीपर्यंत फारसं बुकिंग नव्हतं. अशा एका निवांत सकाळी घावन मोडता मोडता अप्पांनी जाहीर केलं, "बाय, मी दरवाजा बघायला चाललोय. येतेस तर चल, नायतर मी एकटा जातो."

"कुठला दरवाजा?"

"सिकंदराचा."

मी चहा टेबलावर ठेवला आणि समोर बसले. हे एक ना एक दिवस होणार, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. मंडणगडच्या एका हायस्कुलात त्यांची सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली. सिकंदराच्या स्वारीचा धडा आला की त्यांना चेव चढायचा. इराणात शिरताना सिकंदराला 'पर्शियन गेट्स' नावाच्या जागी एका इराणी सरदारानं अडवलं, हे त्यांनी तरुणपणी कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. तेव्हापासून दरवर्षी ते फळ्यावर तो दरवाजा काढायचे. दोन उंच डोंगर, मधे भलामोठा दोन फळ्यांचा लाकडी दरवाजा, त्याला हत्तीनं धडक मारू नये म्हणून लोखंडी अणकुचीदार खिळे आणि आतून सरकवलेला जाडजूड अडसर. मग मुलांना बाणकोटच्या किल्ल्यावर न्यायचे, दरवाजाच्या भिंतीत अडसर सरकवायचं भोक दाखवायचे आणि म्हणायचे, "असंच भोक तिकडं डोंगरात आहे. मी एक दिवस त्यात हात घालून येणार!"

त्या मुलांना आता केस पिकायला लागलेत. निम्मे मुंबईत, काही आखातात, काही गावात. त्यांचा 'दहावी ब' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. अप्पा निघणार हे कळल्यावर त्यांनी तर हद्दच केली. परत आल्यावर शाळेत कार्यक्रम ठरवला, दरवाजाचा फोटो मोठा करून वर्गात लावायचंही ठरलं, आणि वर आगाऊ शाल-श्रीफळ देऊन मोकळे झाले.

"दरवाजा सापडला नाही तर?" मी विचारलं.

"शाल परत करीन," अप्पा म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. शाल पिशवीतून काढलीसुद्धा नव्हती त्यांनी.

भाषेची तयारी आमच्या शेजारच्या मेहमूदभाईंकडे झाली. मेहमूदभाई बरीच वर्षं आखातात होते, इराणी लोकांबरोबर काम केलेलं, त्यामुळे बाजारापुरती फारसी येते. आरे-वारेच्या चढावर चहाच्या टपरीत त्यांचा क्लास भरायचा. "गुरुजी, तुम्हाला काय कठीण हाय?" मेहमूदभाई म्हणायचे. "बाजार म्हंजे बाजार, मैदान म्हंजे मैदान, बंदर म्हंजे बंदर. दरवाजाला दरवाझे बोलतात. बिनधास्त इचारा, दरवाझे कोजास्त? दरवाजा कुठाय?" अप्पांनी त्यात आणखी दोन शब्द स्वतः मागून घेतले. मोठ्याला 'बोझोर्ग' आणि लाकडीला 'चुबी'. झालं, मोहिमेची भाषा तयार!

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं सांगते. आम्ही गेलो तेव्हा भारतीय पासपोर्टवर विमानानं गेल्यास व्हिसाशिवाय थोडे दिवस राहता येत होतं. असले नियम आणि तिथली परिस्थिती दोन्ही भराभर बदलतात, तेव्हा निघण्याआधी ताजी चौकशी करा, माझ्या भरवशावर राहू नका. आपली कार्डं तिथे चालत नाहीत, रोख डॉलर न्यावे लागतात. किंमत सांगणारा रियालमध्ये सांगतोय की तोमानमध्ये, हे आधी विचारा, कारण दोन्हींत एका शून्याचा फरक आहे आणि त्या एका शून्यानं पहिल्या दिवशी मला घाम फोडला. बायकांनी डोक्यावर ओढणी ठेवावी. माझ्या सुती ओढण्यांचं तिथल्या बायकांनी इतकं कौतुक केलं की एक मी देऊनच आले.

रत्नागिरीहून रेल्वेनं मुंबई, तिथून आखातात विमान बदलून शिराझ. पहाटे उतरलो तर हवा कोरडी, थंडगार आणि रस्त्याच्या दुतर्फा गुलाब. टॅक्सीत बसल्या बसल्या अप्पांनी पहिला बार उडवला. "दरवाझे! दरवाझे बोझोर्ग!"

टॅक्सीवाल्याचा चेहरा खुलला. त्यानं गाडी वळवली आणि आम्हाला थेट एका सुंदर उंच कमानीखाली नेऊन उभं केलं. शिराझच्या वेशीवरचा हा दरवाजा, त्याचं नावच दरवाझे कुरआन. प्रवासाला निघणाऱ्यानं त्याच्याखालून जायचं, म्हणजे प्रवास सुखाचा होतो, अशी इथली रीत. मी भराभर फोटो काढले. अप्पांनी कमानीला नमस्कार केला, दोन्ही बाजूंच्या भिंती तपासल्या आणि म्हणाले, "चांगला आहे. आपला हा नव्हे."

शिराझमध्ये दोन दिवस मनसोक्त फिरलो. तिथला फालुदा चुकवू नका. आपल्यासारखं दूध-आइस्क्रीम नसतं त्यात, बर्फाळ शेवया आणि वर पिळलेलं लिंबू. अप्पांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे गच्च मिटले. मला वाटलं दात ठणकला. तर म्हणाले, "आणखी एक सांग."

तिसऱ्या दिवशी यासूजला निघालो. शिराझहून वायव्येला डोंगरात हे गाव आहे. अर्ध्या दिवसाचा रस्ता, पण काय रस्ता! झाग्रोसचे डोंगर आधी उघडेबोडके, आपल्या जांभ्याच्या सड्यासारखे, फक्त रंगानं पिवळट. मग हळूहळू उतारांवर ओकची झाडं लागतात, ओढे लागतात, आणि प्रत्येक ओढ्याकाठी ट्राउट माशाची तळी. बरेच दिवस मासा पोटात नसलेल्या दोन कोकणी माणसांना ते पाहून गाडीत बसून राहणं शक्यच नव्हतं. कोळशावर भाजलेला अख्खा मासा, भात, कांदा आणि ताक. मी तर बोटं चाटत होते. अप्पांनी काटे नीट बाजूला लावत शेवटपर्यंत संपवला आणि मग निकाल दिला, "मासा ताजा आहे. मसाला लावायचा राहिला बिचाऱ्यांचा."

यासूजला पोहोचलो आणि अप्पा गाडीतून जवळजवळ उडीच मारून उतरले. गावात त्या इराणी सरदाराचा पुतळा उभा आहे. आरियोबर्झन. ज्यानं सिकंदराला अडवलं तो. इतकी वर्षं फळ्याशेजारी उभं राहून ज्याचं नाव घेतलं, तो असा ऐन रस्त्यात भेटल्यावर अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी चपला काढल्या. पलीकडच्या दुकानदारानं ते पाहिलं आणि काही न विचारता दोन पेले चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशीसाठी हॉटेलवाल्यानं गाडी ठरवून दिली. ड्रायव्हर बेहनाम, चाळिशीचा, मिशाळ, हसरा, इथल्याच लूर जमातीचा माणूस. इंग्रजीचे मोजके शब्द आणि बाकी हातवारे. अप्पांनी सरळ विषयाला हात घातला. "एस्कंदर! आरियोबर्झन! दरवाझे!"

"आहा! आरियोबर्झन!" बेहनाम खूश झाला. "तंग! तंग!"

अप्पांचा चेहरा पडला. गाडी सुरू झाली. "दरवाझे," अप्पा पुन्हा म्हणाले, जरा नरमाईनं. "बोझोर्ग. चुबी."

"ना, ना. दरवाझे ना. तंग!" बेहनामनं दोन्ही तळवे जवळ आणून दाखवले, गाडी चालू असताना. मी सीट घट्ट धरली.

"बाय," अप्पा हळूच माझ्याकडे वळले, "आपण याला तंग करतोय म्हणतोय हा."

"छे हो अप्पा, हसतोय की तो."

"तोंडावर हसतोय. निघून घटकाभर झाली नाही आणि आपण तंग करतोय! पैसे ठरवून घेतलेत ना त्यानं?" अप्पा दुखावलेच. आयुष्यात कुणाला त्रास दिला नाही म्हणून ज्यांना अभिमान, त्यांना परदेशात येऊन हे ऐकावं लागत होतं. ते खिडकीबाहेर बघत बसले. बेहनामला वाटलं म्हाताऱ्याला गाडी लागली, म्हणून त्यानं लिंबू दिलं. अप्पांनी ते घेतलं नाही.

एका फाट्यावर बेहनाम सरळ निघाला होता, तेवढ्यात अप्पांनी डावीकडचं एक गाव पाहिलं, डोंगराला टेकलेलं. "इथं विचारू," म्हणाले. बेहनामनं मान हलवली, पुन्हा "तंग" म्हणाला, पण पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही ही तिथली रीत. गाडी वळवली. चौकात उभ्या असलेल्या एका बाईला अप्पांनी आपलं वाक्य म्हणून दाखवलं, अगदी शाळेतल्या पाठांतरासारखं. "दरवाझे कोजास्त? बोझोर्ग. चुबी."

बाई आधी गोंधळली. "चुबी?" मग हसली आणि घरांमागे बोट दाखवलं. लाकडी! आहे! मला काटा आला अंगावर. अप्पांनी तर गाडीची वाटच पाहिली नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण गल्लीतून असे सुटले की मी मागून धावतेय, माझ्यामागून बेहनाम, आणि आमच्यामागून गावातलं एक कुत्रं. घरं संपली, वळण आलं, आणि समोर मैदान. मैदानाच्या टोकाला दोन लाकडी खांब, वर आडवं लाकूड आणि मागे फाटकं जाळं.

फुटबॉलचा गोल.

फारसीत गोललाही दरवाझेच म्हणतात! मेहमूदभाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. मला हसू आवरेना. बेहनाम गुडघ्यावर हात ठेवून हसत होता. अप्पा मात्र गोलपाशी गेले, खांबावर हात ठेवून उभे राहिले. मी हसायची थांबले.

"शाल परत द्यायला लागणार, बाय," ते म्हणाले. "इतक्या पोरांना सांगितलं मी."

त्यांचा विश्वास कशावर होता, ते मला माहीत होतं. त्या सरदारानं वाटेवर आडवी भिंत घातली होती, असं जुने लोक लिहून गेलेत. भिंत आली की दरवाजा आलाच, दरवाजा आला की अडसर आला. आपल्याकडच्या किल्ल्यांवर वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचणारच नाही. गेट म्हणजे दरवाजा, यात शंका घ्यायचं कुणाला कारणच पडलं नव्हतं.

बेहनामनं अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "पेदर," म्हणजे बाबा, "बिया." चला. आणि गाडीकडे बोट दाखवून तोच शब्द. "तंग."

आता मात्र मी वैतागले. "अप्पा, हा तंग झालाय तर आपल्याला बाबा बाबा करून चला कशाला म्हणेल?"

अप्पा थांबले. त्यांनी बेहनामकडे पाहिलं. बेहनामनं पुन्हा दोन्ही तळवे समोरासमोर धरले आणि हळूहळू जवळ आणले, मधे एवढीशी फट ठेवून. अप्पांची नजर त्या फटीवर. मग एकदम म्हणाले, "बाय, विजार अंगाला बसत नाय तेव्हा आपण काय म्हणतो?"

"तंग होते म्हणतो."

"तंग! म्हणजे अरुंद! अगो, हा अरुंद जागा म्हणतोय. डोंगरातली अरुंद जागा!" अप्पांचा आवाज चढत चालला होता. त्यांनी बेहनामचे दोन्ही तळवे पकडले आणि त्या फटीतून आपला एक हात आरपार घातला. "तंग?"

"तंग! तंग!" बेहनाम ओरडला.

"खिंड!" अप्पा त्याहून जोरात ओरडले. "अगो, खिंड! दरवाजा नव्हे, खिंड!"

मैदानावर दोन मोठी माणसं एकमेकांचे हात धरून 'तंग' आणि 'खिंड' ओरडतायत, हे बघायला निम्मं गाव जमलं. बेहनामनं तिथेच 'खिंड' म्हणून दाखवलं, फक्त त्याचा ड काही केल्या जमेना.

तिथून तंगे मेयरान, म्हणजे मेयरानची खिंड, फार लांब नव्हती. इथे प्रामाणिकपणे सांगते, सिकंदराला अडवलं ती खिंड नेमकी कोणती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दोन-तीन जागा सांगतात. पण बरेच जण हिच्याकडे बोट दाखवतात आणि यासूजच्या माणसांना तर तिळमात्र शंका नाही. रस्ता चांगला आहे, साधी गाडी जाते. पाण्याच्या बाटल्या आणि खायचं सोबत घ्या, पुढे दुकान नाही. डिसेंबरनंतर बर्फ पडतं, तेव्हा त्याआधीच जा.

आधी रुंद दरी होती. शेतं, मेंढ्या, चिनाराची झाडं. मग दोन्हीकडचे डोंगर जवळ यायला लागले. आणखी जवळ. गाडी थांबवून आम्ही उतारावरच्या ओकच्या झाडांतून थोडं वर चढलो. अप्पांसाठी बेहनामनं काठी तोडून आणली आणि दुसरा हात मी धरला. एका सपाट दगडावर पोहोचून मागे वळलो, आणि मला काय वाटलं ते कसं सांगू! खाली ती वाट चिंचोळी होत होत दोन कड्यांमध्ये शिरत होती. इथे वर दगड घेऊन बसलेला माणूस खालून येणाऱ्या, जगातल्या सगळ्यात मोठ्या फौजेला रोखू शकेल, हे सांगायला इतिहास शिकायची गरज नव्हती. खरीच जागा होती ही! आम्ही मालगुंडहून निघून इथवर आलो होतो!

अप्पा कितीतरी वेळ बघत राहिले. मग शिकवायला लागले. समोर मी आणि बेहनाम, दोनच विद्यार्थी, त्यातला एक मराठी न कळणारा. "हा इथं बसला. खालून सिकंदर आला. वरून दगड. सिकंदर मागं फिरला, बाय, सिकंदर! मग एक धनगर सापडला त्याला, त्यानं मागची वाट दाखवली. रात्रीतून वळसा घालून पाठीमागून आले. संपलं. पण तोवर यानं खिंड लढवली." आणि मग म्हणाले, "आपण रोज म्हणतो ना, मी इथं एकटा खिंड लढवतोय. शब्द तोंडात होता आणि मी दरवाजा शिकवत बसलो."

"वाईट वाटतं?"

"वाटतं की. पण यापेक्षा मोठा आनंद नाही झाला मला कधी."

अडसराचं भोक नव्हतंच. तरी निघण्याआधी त्यांनी कड्याच्या एका फटीत कोपरापर्यंत हात घालून घेतला. बेहनामच्या घरी त्या रात्री जेवण झालं. त्याच्या आईनं तव्यावरची कागदासारखी पातळ पोळी आणि दह्यात घोळवलेल्या भाज्या वाढल्या, आणि नको म्हणायची सोय नव्हती. त्या बाबतीत लूर आणि कोकणी भाऊभाऊ आहेत.

घरी परतल्यावर आठवड्यानं मंडणगडला गेलो. वर्ग भरलेला. पुढे आताची मुलं, मागे 'दहावी ब', कुणी मुंबईहून रात्रीच्या गाडीनं आलेला, भिंतीवर फोटोसाठी खिळासुद्धा ठोकलेला. अप्पांनी शाल टेबलावर ठेवली आणि फळ्यावर दोन डोंगर काढले. मधली जागा मोकळी सोडली.

"दरवाजा नव्हता," ते म्हणाले. "खिंड होती. मी तुम्हाला इतकी वर्षं चुकीचं शिकवलं. ही शाल तुमची."

मग मागच्या बाकावरून एक टक्कल पडलेला विद्यार्थी उठला. "गुरुजी, मी तर वहीत त्या दरवाजाला कुलूप पण काढलेलं. तुम्ही बरोबर अशी खूण केलेलीत." सगळा वर्ग हसत सुटला. अप्पासुद्धा.

पुढच्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीचं मात्र समाधान झालं नव्हतं. "पण गुरुजी, दरवाजा नाय तर मंग बंद कसं करायचं?"

अप्पांनी वर्गाचं दार सताड उघडलं. 'दहावी ब'ला उठवलं आणि दारात उभं केलं, खांद्याला खांदा लावून, पोटं पुढे आलेली सगळी मंडळी. "असं," ते म्हणाले. "जा बघू आता बाहेर."

मुलीनं दोनदा मुसंडी मारली, दोन्हीदा मागे ढकलली गेली. हसत होती, पण डोळे इकडेतिकडे फिरत होते. तिसऱ्यांदा ती दाराकडे गेलीच नाही. बाकावर चढली, खिडकीतून बाहेर उडी टाकली, व्हरांड्यातून धावत आली आणि दहावी बच्या पाठीत मागून गुद्दा घातला.

"सिकंदर!" अप्पा ओरडले, आणि ती शाल त्यांनी तिच्याच खांद्यावर टाकली.

खिळ्यावर आता खिंडीचा फोटो आहे. कडेला एक मिशाळ माणूस आणि एक म्हातारा दिसतात, दोघांचे तळवे समोरासमोर धरलेले. मला विचाराल तर त्या प्रवासातला फालुदा, मासा, ओकची झाडं सगळं लक्षात राहिलं, पण सगळ्यात जास्त राहिला तो शब्द. त्याच संध्याकाळी मंडणगडहून घाट उतरताना एका वळणावर समोरून एसटी आली. दोन्हीकडे दरड, रस्ता एवढासा, ना ती पुढे ना आम्ही. अप्पांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि तोंडभरून हसत एसटीच्या ड्रायव्हरला सांगितलं, "तंग!"

ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला. "अवो आजोबा, मी काय तंग केलं तुमाला?"